युधिष्ठिराचा कुत्रा आणि भरताचे पाडस

मनावर खोल आघात झालेल्या माणसाला सावरण्यासाठी एखादा कुत्रा वर्ष-दोन वर्षे शिकवून तयार करायचा आणि मग त्याचे कर्तेपणाचे सगळे आयुष्य त्या माणसाच्या दुखण्याला जोडून टाकायचे, हे न्यायाचे आहे का? सोलापुरात मानसशास्त्र किंवा समाजकार्य शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी हा विषय घेतला, तर त्याच्या हाती येणारे बहुतेक संशोधन अमेरिकेतले असेल, तेही युद्धावरून परतलेल्या सैनिकांवरचे. त्यात लक्षणे मोजण्याच्या श्रेणी असतील, सरासऱ्या असतील. पण ज्या कुटुंबांच्या मुलाखती घ्यायला तो जाईल, ती त्याला वेगळेच विचारतील. कुत्रा घरात कुठवर येऊ द्यायचा? माणसाचे दुःख मुक्या जनावराच्या अंगावर टाकण्याचा आपल्याला अधिकार काय? माणसांना डॉक्टर मिळत नाहीत तिथे कुत्र्याचे कौतुक कशाला? हे प्रश्न मागासलेपणाचे म्हणून बाजूला सारण्याजोगे नाहीत. ते धर्मविचाराचे प्रश्न आहेत, आणि त्यांना नीट भिडले तर त्या परदेशी आकड्यांचाही अर्थ अधिक स्पष्ट होतो, असे मला वाटते.

आधी हा कुत्रा करतो काय, ते पाहू. झोपेत माणूस किंचाळू लागला की तो नाकाने ढोसून त्याला जागे करतो. छातीत धडधड वाढून श्वास कोंडू लागला की मांडीवर डोके टेकवून अंगाचा भार देतो, हात चाटून लक्ष वळवतो. गर्दीत धन्याच्या पाठीशी उभा राहून मागच्या माणसाला जरा लांब ठेवतो. अंधाऱ्या खोलीत दिवा लावायलाही त्याला शिकवतात. अमेरिकेच्या अपंगत्वविषयक कायद्याप्रमाणे असे नेमके काम शिकवलेले असेल तरच तो सेवा-कुत्रा ठरतो. नुसता जवळ असल्याने बरे वाटते, एवढ्यावर तो दर्जा मिळत नाही. म्हणजे कायद्याची धारणा अशी की गुण शिकवलेल्या कामात आहे. तिथल्या माजी सैनिक खात्याने केलेल्या मोठ्या अभ्यासात ही धारणा कसोटीला लागली. आघातोत्तर ताणाने, म्हणजे पीटीएसडीने, ग्रासलेल्या १८१ माजी सैनिकांना कुत्रे दिले गेले. चिठ्ठी टाकावी तशा पद्धतीने ९७ जणांना पूर्ण शिकवलेला सेवा-कुत्रा आणि ८४ जणांना केवळ सोबतीचा, शिस्तीचा पण खास कामे न शिकवलेला कुत्रा मिळाला. दीड वर्ष पाठपुरावा झाला. अहवाल २०२१ च्या आरंभी लोकांसमोर आला, तेव्हा दिसले ते असे: रोजच्या जगण्यातली अडचण आणि जीवनमान या दोन मुख्य कसोट्यांवर दोन्ही गटांत दखल घेण्याजोगा फरक नव्हता. आजाराची लक्षणे दोन्ही गटांत कमी झाली. सेवा-कुत्र्यांच्या गटात ती काही गुणांनी अधिक उतरली आणि अखेरीस आत्महत्येचे विचारही त्या गटात कमी आढळले. तेव्हा शिकवण्याला काहीच अर्थ नाही असे कोणी म्हणू नये. आत्महत्येच्या बाबतीत थोडा फरकही मोठा असतो. तरीही ज्याला एकही खास काम येत नव्हते त्या कुत्र्याने जवळपास तेवढेच कसे साधले, हा प्रश्न उरतोच.

दुसऱ्या एका अभ्यासाने हा प्रश्न अधिक टोकदार होतो. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी सेवा-कुत्रे मिळालेल्या सैनिकांना, कुत्र्याची कोणती गोष्ट आपल्या आजाराला सर्वांत उपयोगी पडते, असे विचारले. उत्तरात शिकवलेल्या कामांपेक्षा न शिकवलेल्या गोष्टी सरासरीने वर आल्या: त्याचे प्रेम, त्याची सोबत, त्याचे केवळ असणे. यावर संख्याशास्त्र जाणणारा वाचक म्हणेल, आणि त्याचे बरोबरच आहे, की सरकारी अभ्यासात कुत्रा न दिलेला तिसरा गटच नव्हता. काळाच्या ओघात माणसे आपोआपही सावरतात. शिवाय ज्याने कुत्र्याची वर्षभर वाट पाहिली, तो कुत्रा आल्यावर बरे वाटते म्हणणारच. पहिल्या आक्षेपाचे काहीसे उत्तर २०२४ मध्ये जामा नेटवर्क ओपन या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने दिले. १५६ जणांपैकी ८१ जणांना सेवा-कुत्रा मिळाला होता, ७५ जण प्रतीक्षायादीत होते. कोणाकडे कुत्रा आहे हे ठाऊक नसलेल्या तज्ज्ञांनी तीन महिन्यांनी तपासले, तेव्हा कुत्रा असलेल्यांत आजाराचे निदान कायम राहण्याची शक्यता बरीच कमी आढळली. मात्र हे गट चिठ्ठी टाकून पाडलेले नव्हते आणि तीन महिने हा काळ थोडा. म्हणून मी एवढेच धरून चालतो: कुत्र्याच्या सहवासाने अनेक आघातग्रस्तांना खरा उतार पडतो, आणि त्या उताराचा मोठा वाटा शिकवलेल्या कामाबाहेरच्या कशात तरी आहे. ते ‘काहीतरी’ काय असेल, याचा विचार करायला महाभारताइतका चांगला आधार मला दुसरा दिसत नाही.

महाभारताच्या दोन्ही टोकांना कुत्रा आहे. आदिपर्वात जनमेजयाच्या सत्राच्या जागी आलेल्या, सरमा नावाच्या कुत्रीच्या पिलाला राजाचे भाऊ विनाकारण मारतात. पिलाने हविर्द्रव्याकडे पाहिलेही नव्हते, चाटणे दूरच. सरमा येऊन विचारते, माझ्या मुलाचा अपराध काय? कोणी उत्तर देत नाही. तेव्हा ती शाप देते की न दिसणारे भय तुमच्यावर येईल. आघात सोसलेल्या माणसाचे भय याच जातीचे असते. समोर काही नसताना ते येते. आणि अखेरीस महाप्रस्थानात द्रौपदी आणि चारही भाऊ वाटेत पडल्यावर युधिष्ठिरासोबत उरतो तो हस्तिनापुराहून मागे मागे चालत आलेला कुत्रा. इंद्र रथ घेऊन येतो, कुत्र्याला स्वर्गात जागा नाही म्हणतो. ही कथा आपण कुत्र्याच्या इमानाची म्हणून सांगतो. पण मूळ कथेत त्या कुत्र्याने युधिष्ठिरासाठी काहीही केलेले नाही. त्याने कोणाला राखले नाही, वाट दाखवली नाही, संकटात भुंकला नाही. तो फक्त सोबत आला. कथेतले कर्तव्य सगळे युधिष्ठिराकडे आहे: भ्यालेल्याला, आश्रयाला आलेल्याला, आपल्याशिवाय कोणी नाही असे ज्याला वाटते त्याला सोडणे हे ब्रह्महत्येच्या तोडीचे पाप आहे, असे तो सांगतो. इंद्र त्याला कोंडीत पकडतो, भावांना आणि पत्नीला टाकून आलास, मग कुत्र्यापाशीच का अडलास? युधिष्ठिराचे उत्तर व्यवहारी आणि निर्णायक आहे: ती मेल्यावर मी त्यांना सोडले, जिवंत असताना नाही. पुढे तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता हे उघड होते. पण युधिष्ठिराने निर्णय घेतला तेव्हा ते त्याला माहीत नव्हते. उपयोगाचा हिशेब न करता जी जबाबदारी त्याने धरली, तिलाच महाभारत परीक्षा मानते.

आता आघात म्हणजे काय, ते पाहा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास भूकंपाने किल्लारी आणि आसपासच्या गावांत दगडमातीच्या जाड भिंतींची माळवदाची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सरकारी मोजणीनुसार जवळजवळ आठ हजार माणसे गेली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. जखमींचा मोठा भार सोलापूरच्या रुग्णालयांनीही उचलला. ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या ऊन-पाऊस अडवला, तेच घर मारेकरी ठरले. पक्क्या छताखाली झोपायला माणसे पुढे दीर्घकाळ धजावत नव्हती, यात नवल ते काय? आघाताने तुटतो तो विश्वास असा असतो. ज्याच्यावर निर्धास्त टेकावे अशी गोष्टच उरत नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असहायता आणि तुटलेपण ही आघाताच्या मुळाशी असलेली दोन दुखणी सांगितली आहेत. आघातग्रस्ताला दिवसभर सांगितले जाते की तू आजारी आहेस, तू विश्रांती घे, आम्ही बघतो. हे प्रेमाने सांगितलेले असते, पण त्याने असहायता पक्की होते. कुत्रा घरी आला की पहाटे त्याला बाहेर न्यावे लागते, पाणी ठेवावे लागते, त्याच्या कानात गोचीड आहे का पाहावे लागते, आणि यातले काही उद्यावर टाकता येत नाही. ज्याची सगळ्यांनी काळजी घ्यायची अशा माणसावर प्रथमच कोणीतरी अवलंबून असते. माझ्या मते शिकवलेल्या कामाबाहेरचा गुण येतो तो इथून. युधिष्ठिराच्या जागी उभे राहिल्याने माणूस सावरतो. हे मी सिद्ध झालेले म्हणून मांडत नाही. पण सोबतीच्या साध्या कुत्र्याने इतके का साधले, याचा याहून सरळ अर्थ मला लागत नाही. जपानच्या अझाबू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले की कुत्रा आणि धनी एकमेकांकडे टक लावून पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढते, आई आणि तान्ह्या मुलात वाढते तसे. नाते दोन्ही अंगांनी वाहते, याची ही शारीरिक खूणच म्हणायची.

आपल्याच परंपरेतून या म्हणण्याला सर्वांत कठीण आक्षेप येतो, आणि तो भरताचा. भागवताच्या पाचव्या स्कंधातला हा राजा सगळे सोडून गंडकीकाठी पुलहाश्रमात साधनेला बसला. सिंहाच्या गर्जनेने भ्यालेली गाभण हरिणी नदीत झेपावली, तिचे पाडस प्रवाहात पडले, ती भीतीने आणि श्रमाने मेली. भरताने पाडस वाचवले. त्यात दोष काहीच नव्हता. पण हळूहळू त्याचे ध्यान, स्नान, पूजा सगळे त्या पाडसापायी सुटले. मरताना तेच डोळ्यांपुढे होते आणि पुढचा जन्म हरणाचा आला. तेव्हा आघातग्रस्ताला कुत्र्याच्या आधारावर सोडणे म्हणजे एका बंधनातून काढून दुसऱ्यात घालणे नव्हे काय? मानसोपचारातले जाणकारही वेगळ्या शब्दांत हेच विचारतात. पाठ राखणारा कुत्रा असेल तरच बाजारात जाणारा माणूस, जग धोक्याचे आहे ही समजूत सोडण्याऐवजी पक्की करत नाही ना? हा धोका खरा आहे. पण भरताची कथा नीट वाचली तर त्याची अडचण करुणेत नव्हती. त्याने राज्य, बायको, मुले, शेजार, सगळी नाती आधीच तोडली होती, म्हणून मनाचा सगळा ओघ त्या एकट्या पाडसावर कोसळला. युधिष्ठिराचा कुत्रा मात्र घोळक्यातून चालत आला होता. त्याच्यासाठी अडून बसलेला युधिष्ठिर पुढच्या क्षणी आपल्या भावांचा आणि द्रौपदीचाच ठाव विचारतो. म्हणून आघातग्रस्ताचा कुत्रा त्याला माणसांत नेतो की माणसांपासून तोडतो, हीच तपासण्याची गोष्ट. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेच्या गर्दीत, पाळणे आणि भोंगे यांच्या गोंगाटात, कुत्र्यासह दहा मिनिटे उभा राहिलेला माणूस पुढच्या वर्षी त्याच्याशिवाय पाच मिनिटे उभा राहू शकला, तर ती वाट युधिष्ठिराची. दार लावून दोघेच घरात बसले, तर भरताची.

दुसरा आक्षेप कुत्र्याच्या बाजूचा आहे, आणि प्राणिप्रेमी मंडळीही तो पुरेसा मांडत नाहीत. स्वीडनमधल्या लिंचोपिंग विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात ५८ कुत्रे आणि त्यांचे धनी यांच्या केसांतले कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचे संप्रेरक, मोजले गेले. दोघांची पातळी एकमेकांशी जुळत होती, आणि धन्याचा दीर्घकाळचा ताण कुत्र्यात उतरतो असा संशोधकांचा निष्कर्ष होता. मग ज्याचा ताण रोगाच्या पातळीला गेला आहे, अशा माणसाजवळ कुत्रा चोवीस तास ठेवणे म्हणजे एका जिवाचा भार दुसऱ्यावर ढकलणेच झाले. कांटने प्राण्यांविषयीचे कर्तव्य मानले, पण ते माणसाचे मन निबर होऊ नये म्हणून. प्राण्याचे स्वतःचे देणे त्याच्या हिशेबात नव्हते. युधिष्ठिराच्या हिशेबात ते आहे, म्हणून हा आक्षेप त्याच्या कसोटीवर अधिक बोचतो. त्यावर कुत्र्याकडून काम घेणेच चूक, असे मात्र मी म्हणणार नाही. सोलापुराजवळच्या नान्नजच्या माळरानावर लांडगे आहेत, आणि त्या भागातल्या धनगरांचे कुत्रे रात्रभर मेंढरे राखतात. ते काम जोखमीचे आहे. पण तो कुत्रा कळपासोबत चालतो, धनगराच्या भाकरीत त्याचा वाटा असतो, थकल्यावरही तो वाड्याशीच असतो. काम नात्याच्या आत आहे. सेवा-कुत्र्याच्या बाबतीत अन्याय सुरू होतो तो काम नात्याबाहेर पडते तेव्हा: कुत्रा एखाद्या उपकरणासारखा ‘दिला’ जातो, त्याच्या विश्रांतीची वेळ कोणी ठरवत नाही, आणि आठ-नऊ वर्षांचा झाल्यावर पुढे काय, हे कोणी विचारत नाही. चांगल्या प्रशिक्षण संस्था बुजणाऱ्या किंवा कामात रस न घेणाऱ्या कुत्र्याला मधूनच काढून साध्या घरी देतात. मुक्या जिवाचा नकार ओळखण्याची ही रीत, आणि ती खर्चाची आहे म्हणून गाळता येणार नाही.

विटाळाचा आक्षेप मला यांच्या मानाने कमजोर वाटतो, पण सोलापुरात तो रोज समोर येईल. धर्मशास्त्रांनी कुत्र्याला अपवित्र म्हटले, श्राद्धाच्या अन्नावर त्याची दृष्टीही नको म्हटले, हे खरेच. त्याच धर्मशास्त्रांनी रोजच्या बलिहरणात कुत्र्याचा घास काढायला सांगितला. गीतेच्या पाचव्या अध्यायात समदर्शी पंडिताची खूण सांगताना ब्राह्मण, गाय आणि हत्ती यांच्याच ओळीत कुत्रा आहे. शहरालगतच्या बाळ्याला खंडोबा आहे, आणि खंडोबाच्या परिवारात कुत्रा आहे; त्याचे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवून घेतात. अक्कलकोटचे स्वामी ज्यांचे अवतार मानले जातात, त्या दत्ताच्या तसबिरीत चार कुत्रे असतात, आणि ती तसबीर घराघरांत आहे. पंढरपूरचे नामदेव पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावल्याची कथा कीर्तनात आजही रंगते. शहरातल्या मुसलमान कुटुंबांचा प्रश्न वेगळा आहे. हनफी मताप्रमाणे कुत्र्याची लाळ अपवित्र, त्यामुळे नमाजाआधी अंग आणि कपडे पाक करावे लागतात. पण शिकार, मेंढरे आणि राखण यांसाठी कुत्रा ठेवण्याला हदीसमध्येच मुभा आहे, सूरह कहफमध्ये गुहेत झोपलेल्या श्रद्धावानांचा कुत्रा उंबऱ्याशी आहे, आणि तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्या माणसाला क्षमा मिळाल्याची हदीस सर्वश्रुत आहे. कुत्र्याला निजायची वेगळी जागा, नमाजाची वेगळी खोली, हात धुणे: एवढ्याने निष्ठावान माणसालाही वाट मिळते. मात्र कोणावर जबरदस्ती नको. ज्याला लाळेची किळस आहे त्याला कुत्रा दिला तर दोघांचेही हाल होतात.

विटाळाचाच एक कठोर पैलू राहतो. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले; त्या तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता आणि अस्पृश्य मानलेल्या माणसांना होता. ज्या समाजाने दत्ताचे कुत्रे पुजले, त्याच समाजाने माणसांना ‘श्वपच’, म्हणजे कुत्रे शिजवून खाणारे, म्हणून वेशीबाहेर ठेवले आणि मंगळवेढ्याच्या चोखोबांना पंढरपूरच्या देवळात शिरू दिले नाही. कुत्र्यावरची माया माणसावरच्या क्रौर्यासोबत सुखाने नांदू शकते, हा आपला इतिहास आहे. म्हणून माणसांनाच डॉक्टर नाहीत, हा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मनोविकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नसल्याचे दिसले. लाख लोकांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ पडत नाही. शिवाय जगात रेबीजने होणाऱ्या मृत्यूंपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भारतात होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि ते मरणारे बहुधा गरीब घरचे, पुष्कळदा मुले असतात. चावा घेतलेल्या मुलाच्या आईला कुत्र्याचे गुणगान ऐकवणे निर्दयपणाचे होईल. या आक्षेपाला माझे उत्तर एवढेच आहे: सेवा-कुत्रा औषध आणि समुपदेशन यांच्या जागी आणला, तर तो सरकारला जबाबदारीतून सुटायची पळवाट होईल, आणि तेव्हा मी त्याच्या विरोधात असेन. पण उपचार सुरू असलेल्या, घरच्यांची तयारी असलेल्या मोजक्या माणसांसाठी तो आणला, तर कोणाचाही डॉक्टर त्याने हिरावला जात नाही. मुंबई-पुण्यात ॲनिमल एंजल्स फाउंडेशनसारख्या संस्थांनी प्राण्यांच्या सहवासाची उपचारपद्धती तज्ज्ञांच्या देखरेखीखाली चालवून दाखवली आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मानसिक आजाराला अपंगत्वात धरले आहे, तेव्हा आधाराची साधने मागण्याचा पायाही तयार आहे.

सोलापुरातल्या विद्यार्थ्याला यातून अभ्यासाची मांडणी वेगळी करावी लागेल. मे महिन्यात पारा ४२ च्या वर जाणाऱ्या गावात डांबरी रस्त्यावर दुपारी चालवलेल्या लॅब्रॅडॉरचे पंजे पोळतात. तेव्हा इथल्या उन्हाला सरावलेले गावठी पिलू लहानपणापासून लस देऊन, माणसांत वाढवून शिकवता येते का, हे आधी तपासावे. रुग्णाची लक्षणे ज्या दिवशी मोजायची, त्याच दिवशी कुत्र्याची झोप, भूक, वजन आणि बुजणेही नोंदवावे, आणि रुग्णाचे आकडे सुधारत असताना कुत्र्याचे घसरू लागले तर प्रयोग थांबवायचा, असे आराखड्यातच लिहून ठेवावे. कुत्रा तुमच्यासाठी काय करतो, हे सगळ्या प्रश्नावल्या विचारतात. तुम्ही कुत्र्यासाठी आज काय केलेत आणि त्यासाठी घराबाहेर कोणाशी बोललात, हे दोन प्रश्न तिथे हवेत. माझे म्हणणे खरे की खोटे, याचा निवाडा त्याच उत्तरांवरून होईल. आणि कुत्रा म्हातारा झाल्यावर कोणाकडे राहील, त्याच्या औषधपाण्याचा खर्च कोण करील, याचा करार पिलू घरी येण्याआधी सह्यांनिशी झालेला असावा.